हिरवा रंग कुणाच्या नावावर

शाळेच्या कॅन्टीनमधली लांब टेबलं एकमेकांना जोडून त्यांवर नकाशे पसरले होते. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या आमच्या लाउडन काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा म्हणा, नवा आराखडा तयार होत होता, २०४० सालापर्यंतचा, आणि रहिवाशांचं म्हणणं ऐकायला नियोजन खात्याची माणसं गावोगावच्या शाळांमधून बसत होती. दारात शिरताच प्रत्येकाला रंगीत गोल स्टिकरची एक पट्टी मिळायची. घरं हवीत तिथे एका रंगाचं, दुकानं-ऑफिसं हवीत तिथे दुसऱ्या, आणि जे आहे ते तसंच राहावं असं वाटतं तिथे हिरवं. बाबा त्या उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते. टीव्हीला आणि आमच्या शांत गल्लीला कंटाळले होते, म्हणून त्यांना सोबत नेलं. मी माझी हिरवी स्टिकरं भराभर नकाशाच्या पश्चिमेला लावून टाकली. लीसबर्ग गावाच्या पलीकडे, ब्लू रिज डोंगराच्या पायथ्यापर्यंत, जिथे आम्ही ऑक्टोबरात भोपळे आणायला जातो तिथे. बाबा मात्र चष्मा कपाळावर चढवून नकाशावर ओणवे झाले होते. बराच वेळ. मग तिथल्या तरुण अधिकारी बाईंकडे बोट करून मला म्हणाले, "हा हिरवा कुणाच्या नावावर आहे, विचार यांना."

मी विचारलं. बाई म्हणाल्या, बहुतेक खासगी मालकीचा आहे. शेतकरी, घोड्यांचे फार्म, काही जुनी घराणी.

"म्हणजे सातबारा त्यांचा आणि रंग आपण भरायचा," बाबा म्हणाले. स्टिकरची पट्टी घडी घालून त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली आणि कुकीजच्या टेबलाकडे निघून गेले.

एखाद्या सुशिक्षित, उदार, पर्यावरणप्रेमी वगैरे माणसाला असं बोलून दाखवायची काही गरज असते का? गाडीत मी जरा घुश्शातच होते. पण बाबा तलाठी होते. आयुष्याची उमेदीची वर्षं त्यांनी मुळशी तालुक्यात काढली, आणि तीसुद्धा नेमकी हिंजवडीत आयटी पार्क येण्याच्या आगेमागे. रंगांचं काय होतं ते त्यांनी चावडीच्या टेबलामागे बसून बघितलेलं आहे. १९९७ साली पुण्याचा प्रादेशिक आराखडा मंजूर झाला तेव्हा मी कॉलेजात होते. घरी जेवताना विषय एकच असायचा, कुणाची जमीन येलोत, म्हणजे घरं बांधायच्या पट्ट्यात, गेली आणि कुणाची ग्रीनमध्ये, शेतीच्या पट्ट्यात, राहिली. प्लॅस्टिकच्या पिशवीत जमीन कुठल्या पट्ट्यात आहे ते सांगणारा झोन दाखला, त्यातच सातबाऱ्याचे जुने उतारे, रेशनकार्ड, एखादा लग्नाचा फोटोसुद्धा, असं सगळं घेऊन माणसं आमच्या ओट्यावर सकाळी सातला येऊन बसायची. दाखला नगररचनाकडून मिळतो, तलाठ्याच्या हातात त्यातलं काही नसतं, हे बाबा दरवेळी सांगायचे. तरी ती यायची. एका भावाचा तुकडा ओढ्याच्या अलीकडे, दुसऱ्याचा पलीकडे. वाटणी वडिलांनी सारखी केलेली, माती तीच, भातही तोच. नकाशावरची रेघ मात्र ओढ्यावरून गेली. पाच वर्षांत एकाच्या दारात दोन गाड्या आणि दुसरा भावाशी बोलेनासा झालेला. बाबा म्हणायचे, गावात भांडणं बांधावरून होतात असं लोक म्हणतात, पण बांध निदान दिसतो तरी.

मी अमेरिकेत आले आणि काही वर्षांनी आम्ही ॲशबर्नमध्ये घर घेतलं. लाउडनबद्दल तेव्हा एवढंच माहीत होतं की शाळा चांगल्या आहेत आणि डलस विमानतळ जवळ आहे, आईबाबांना आणायला-सोडायला बरं. १९८० साली या काउंटीत ५७ हजार माणसं राहत होती. २००० साली ती १ लाख ७० हजारांच्या घरात गेली, आणि २०२० च्या जनगणनेत ४ लाख २० हजार. आम्ही त्या फुगवट्यातच मोजले गेलो. आमची सबडिव्हिजन उभी राहिली तिथे आधी गवत कापत असत. रस्त्यांना आता त्या गवताची, नाहीशा झालेल्या झाडांची आणि फार्मची नावं आहेत. हे कुणा बिल्डरला कसं सुचतं कोण जाणे, पुण्यातही तेच करतात.

रूट ७ धरून पश्चिमेला गेलं की लीसबर्गनंतर एकदम काहीतरी सुटल्यासारखं होतं. साइनबोर्ड विरळ होतात. दगडी कुंपणं लागतात. मुख्य रस्ता सोडला की खडीचे रस्ते, काही तर अठराव्या शतकापासूनचे. गाडीच्या तळाला खडे टणटणत राहतात आणि मागे पांढऱ्या धुळीचा लोट. जूनमध्ये पहिली गवतकापणी झाली की उघड्या काचेतून तो कोमट, गोडसर, किंचित कुबट वास येतो. मला पहिल्यांदा तो आला तेव्हा आजोळच्या वैरणीच्या माळ्यावरच गेल्यासारखं झालं होतं. पांढऱ्या प्लॅस्टिकात गुंडाळलेले गवताचे गठ्ठे उतारावर पडलेले असतात. मुलं लहान असताना त्यांना मार्शमेलो म्हणायची. या सगळ्याला मी कितीतरी वर्षं निसर्ग समजत होते. म्हणजे, जे उरलंय ते. शहर अजून तिथवर पोचलं नाही म्हणून शिल्लक राहिलेलं.

खरं तर त्यातली एकरन् एकर जागा मतदानाने, कोर्टकचेरीने आणि वकिलांच्या फीने राखलेली आहे. काउंटीच्या पश्चिमेला पूर्वी तीन एकरांमागे एक घर बांधायची मुभा होती. तीन एकरांचे तुकडे पडले की शेती संपते. उरतात ती लॉन. वाढ आवरायची म्हणून २००१ साली नवा आराखडा आला आणि २००३ साली त्याला धरून कडक झोनिंग, म्हणजे कुठे काय आणि किती बांधायचं याचे नियम, आलं. लगेच जमीनमालक कोर्टात गेले. २००५ साली व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते पश्चिमेचं झोनिंग रद्द ठरवलं, आणि कशावरून? वर्तमानपत्रात दिलेल्या जाहीर नोटिशीत बदलांचा पुरेसा गोषवारा नव्हता म्हणून! पुन्हा तीन एकर लागू झाले, आणि नवा नियम येईपर्यंत तुकडे पाडून घ्यायची झुंबड उडाली. २००६ च्या अखेरीला काउंटीने नव्याने, या वेळी नोटीस नीट काढून, पश्चिमेचा एक भाग वीस एकरांमागे एक घर आणि दुसरा चाळीस एकरांमागे एक घर असा बांधला. घरं एका कोपऱ्यात एकत्र बसवून बाकी जमीन मोकळी सोडली तर जास्त घरं, अशी सवलतही ठेवली. ही हकिगत मी बाबांना सांगितली तेव्हा ते इतके खूश झाले की चहा खाली ठेवला. "नोटीस! अगं, सगळं नोटिशीतच असतं. चावडीवर डकवली का, दवंडी पिटली का, पंचनामा केला का. हे साहेब लोक नकाशा काढतात आणि नोटीस शिपायावर सोडतात."

त्यांना अमेरिकेत काही आवडलं असेल तर हा निकाल.

पर्सेलव्हिलच्या बाजूला एका शेतकऱ्याकडून आम्ही उन्हाळाभर मका आणि टोमॅटो घेतो. सत्तरीचा असेल. टेबलावर वजनकाटा आणि पैसे टाकायला कॉफीचा डबा, पण बहुतेक वेळा तो स्वतः तिथे खुर्ची टाकून बसलेला असतो, बोलायला कुणी मिळावं म्हणून. एकदा मी म्हटलं, किती सुंदर आहे तुमच्याकडे, असंच राहायला पाहिजे. तो हसला नाही. म्हणाला, सगळे हेच म्हणतात, मका घेतात आणि घरी जातात. त्याच्या मुलांना शेती नको आहे. पेन्शन नाही, जी काही आहे ती ही जमीन. तीन एकरांच्या हिशोबाने तिची किंमत एक, वीस एकरांच्या हिशोबाने दुसरी. त्या मधल्या फरकाचं त्याला कुणी काही दिलं नाही. शेती चालू ठेवली तर कर शेतजमिनीच्या भावाने, कमी लागतो, हे खरं; पण वापर बदलला की मागच्या पाच वर्षांचा फरक व्याजासकट वसूल. एवढं सगळं बोलून झाल्यावर तोच मला त्या डोंगराच्या कडेला बांधलेली चार-पाच प्रचंड घरं दाखवून म्हणाला, ही बघा घाण. त्याला स्वतःची जमीन विकायचा हक्क हवा होता आणि शेजाऱ्याने विकलेली बघवत नव्हती. मला त्यात विसंगती दिसली नाही. आमच्या गावाकडे अख्खा मुळशी तालुका असाच आहे.

नदीपलीकडे हा हिशोब वेगळा मांडला गेला होता. पोटोमॅकच्या त्या काठाला मेरीलँडची मॉन्टगोमेरी काउंटी. लीसबर्गच्या वरच्या अंगाला व्हाइट्स फेरी म्हणून एक फेरीबोट होती, जाड वायरच्या आधाराने गाड्या घेऊन इकडून तिकडे जाणारी. आम्ही मुलांना घेऊन उगाचच जायचो. या काठावरच्या उतरायच्या जागेच्या हक्कावरून कोर्टात वाद गेला आणि २०२० च्या डिसेंबरात ती बंद पडली. तर त्या मॉन्टगोमेरीने १९८० साली ९३ हजार एकर, काउंटीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग, शेतीसाठी राखून टाकला. पंचवीस एकरांमागे एक घर. पण आधी पाच एकरांमागे एक घराची जी मुभा होती, ती मालकाच्या नावावर कागदोपत्री शिल्लक ठेवली. ती त्याने स्वतःच्या शेतात वापरायची नाही, शहराकडच्या ठरवून दिलेल्या भागातल्या बिल्डरला विकायची. तिथे बिल्डर त्या बदल्यात जास्त घरं बांधणार. हे वाचलं आणि मी बाबांना फोन लावला, कारण याला आपल्याकडे टीडीआर, म्हणजे हस्तांतर करता येणारा विकास हक्क, म्हणतात आणि मुंबईत १९९१ च्या नियमावलीपासून शेंबड्या पोरालाही तो शब्द माहीत आहे. मुंबईत तो रस्त्यासाठी, बागेसाठी, झोपडपट्टी पुनर्वसनासाठी जागा सोडणाऱ्याला मिळतो आणि उपनगरांत मजल्यांवर मजले चढतात. इथे त्याच कागदाने शेतं राखली. बाबा म्हणाले, "कागद चांगलाच असतो गं. तो कुठे खर्चायचा ते कोण ठरवतं तेवढं बघ."

लाउडननेही एकदा वेगळी वाट धरून बघितली होती. २००० च्या सुमारास काउंटीने स्वतःच्या पैशातून शेतकऱ्यांचे बांधकामाचे हक्क विकत घ्यायची योजना काढली, म्हणजे शेत त्याचंच, पिकवा, विका, वारसांना द्या, फक्त घरं उठवायची नाहीत, आणि त्याचे रोख पैसे घ्या. काही वर्षं चालली. काउंटीचा कारभार बघणारं पुढचं बोर्ड निवडून आलं, त्यांनी गुंडाळून टाकली. महाग पडते म्हणाले.

आणि आता पैशाचं काय झालंय ते बघा. माझ्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर जगातली सर्वांत दाट डेटा सेंटरची, म्हणजे इंटरनेट चालवणाऱ्या संगणकांच्या कोठारांची, वस्ती आहे. खिडक्या नसलेल्या, करड्या, तीन-चार मजली इमारती, एकीला लागून दुसरी. कुंपणाच्या आत डिझेल जनरेटरच्या रांगा. जवळच्या घरांत राहणारी माझी मैत्रीण सांगते, रात्री खिडकी उघडली की एक घरघर येते. मोठी नाही, पण थांबतही नाही. तिने झोपायची खोली बदलून बघितली. वीस वर्षांपूर्वीच्या कुठल्याही आराखड्यात हे चित्र नव्हतं. त्या जमिनी ऑफिसांसाठी, हलक्या उद्योगांसाठी राखलेल्या होत्या. विमानतळाजवळ कंपन्या येतील, माणसं येतील, जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडतील, असा अंदाज. आली ती यंत्रं. नियमात बसत होतं, वेगळी परवानगी लागत नव्हती, जनसुनावणी नाही, नकाशा मंजूर करून घ्या आणि बांधा. २०२५ च्या मार्चमध्ये बोर्डाने ती आपोआपची मुभा काढून घेतली. आता प्रत्येक नव्या डेटा सेंटरला बोर्डासमोर यावं लागतं. तोवर बहुतेक जागा भरल्या होत्या. नाराजी आहे, आणि माझीही आहे. पण करबिल हातात पडतं तेव्हा ती जरा मऊ होते. २०१२ साली घराच्या शंभर डॉलर किमतीमागे १.२३५ डॉलर कर होता. २०२५ साली तो ०.८०५ वर आला. आतली यंत्रं दर थोड्या वर्षांनी बदलतात, प्रत्येक नव्या यंत्रावर कर. त्यातून शाळा चालतात, रस्ते होतात. मुलांच्या शाळेतली नवी कोरी प्रयोगशाळा मी कौतुकाने बघून आले तेव्हा त्या घरघरीची आठवण मला तरी झाली नव्हती.

मधल्या काळात २०१९ सालच्या जूनमध्ये तो स्टिकरवाला आराखडा मंजूर झाला. पूर्वेला मेट्रोच्या स्टेशनांभोवती शहरी पट्टा, मग उपनगरी, मग संक्रमणाचा, आणि पश्चिमेचा ग्रामीण. माझी स्टिकरं पावली म्हणायची. २०२३ च्या डिसेंबरात झोनिंगची नवी नियमावलीही आली. २०२२ साली मेट्रोची सिल्व्हर लाइन ॲशबर्नपर्यंत पोचली, आणि स्टेशनाजवळ टाउनहाउस, म्हणजे भिंतीला भिंत लावून बांधलेली घरं, आणि फ्लॅटचे प्रस्ताव येऊ लागले. इथून आमच्या वस्तीत रंग भरतो. सुनावणीला प्रत्येकाला बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. मी मागच्या रांगेत बसून ऐकलंय. शाळांवर ताण येईल, गाड्या वाढतील, घरांच्या किमती पडतील, काउंटीचा मूळ चेहरा जाईल. बोलणाऱ्यांत आपले देशी लोक भरपूर. 'मूळ चेहरा' हा शब्द माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी अस्खलित सोलापुरी वळणाच्या इंग्रजीत उच्चारला, तेव्हा मला हसू आवरेना. आणि ते हसूही फार वेळ टिकलं नाही, कारण नव्या घरांत राहायला येणार ते आपल्यासारखेच, दहा वर्षं उशिरा आलेले.

कारण घर बांधू दिलं नाही म्हणून माणूस यायचा थांबत नाही. तो पुढे जातो. माझ्या मुलीच्या डे-केअरमधली शिक्षिका वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्स टाउनहून येत असे. इथे टाउनहाउस परवडत नाही, तिथे तेवढ्याच पैशात अंगण मिळतं. रोज पहाटे ती आणि तिच्यासारखे हजारो लोक रूट ९ ने डोंगर ओलांडून हिल्सबरोच्या चिमुकल्या दगडी गावातून गाड्यांच्या रांगेत या बाजूला उतरतात आणि संध्याकाळी परततात. कुठून जातात? मी हिरवा लावला त्याच पट्ट्यातून. शेतं शाबूत आहेत, त्यांच्या मधून लाल दिव्यांची रांग. तिकडे चार्ल्स टाउनच्या भोवती शेतांचे तुकडे पडताहेत. त्या काउंटीच्या नकाशावर आम्ही कुणी स्टिकर लावायला गेलो नव्हतो. पश्चिम लाउडनच्या वीस एकरांची थोडी किंमत मका विकणारा तो म्हातारा देतो आणि थोडी ती शिक्षिका, रोज पेट्रोल आणि झोपेत.

बाबांशी आता फोनवरच बोलणं होतं, गुडघ्यांमुळे प्रवास जमत नाही. पुण्यात पीएमआरडीएचा, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, प्रारूप विकास आराखडा २०२१ साली जाहीर झाला होता, हरकती आणि सूचनांचा पाऊस पडला होता, आणि २०२५ मध्ये सरकारने तो रद्दच केला. मी म्हटलं, एवढी वर्षं गेली त्यात. बाबांना फारसं आश्चर्य नव्हतं. चुलतभावाने त्या चार वर्षांत आपली वीस गुंठे विकून टाकली होती, आराखड्यात काय रंग येतोय या धास्तीने. आता रंगच नाही. "तुमच्याकडे निदान वीस म्हटलं की वीस राहतं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं, जे मला त्या कॅन्टीनमध्ये हवं होतं आणि मिळालं नव्हतं. आणि आता मीच म्हणत होते, राहतं हो, पण ते कुणाच्या जिवावर.

माझं मत आता पक्कं झालंय, आणि ते आमच्या वस्तीत फारसं कुणाला आवडत नाही. स्टेशनाजवळ उंच बांधू द्या, टाउनहाउस होऊ द्या, शिक्षिकेला आणि पोलिसाला परवडतील अशी. पश्चिम हिरवीच ठेवा, पण फुकट नाही. हक्क विकत घ्यायची ती बंद पडलेली योजना पुन्हा काढा. काउंटी तेव्हा म्हणाली होती पैसे नाहीत, आता डेटा सेंटरचे आहेत. हे मी परवा शेजारच्या काकांना त्यांच्याच ड्राइव्हवेवर उभं राहून ऐकवलं. काका निवृत्त अकाउंटंट, मूळचे डोंबिवलीचे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आपला कर पुन्हा एक डॉलरवर नेणार का?" मी म्हटलं, कदाचित, थोडा वाढेल. "किती थोडा?" म्हणत ते फोनमधला कॅल्क्युलेटर उघडू लागले, आणि मला माझ्या घराची काउंटीने लावलेली किंमत आठवेना.